विश्लेषण : स्पर्धा जिंकूनही ‘सर्टिफिकेट मिळालं नाही’ असं का होतं? कॉलेजच्या विद्यार्थी विकास कार्यालयातला लिपिक नेमकं काय काम करतो?

युवा महोत्सवात पथनाट्याला बक्षीस मिळतं. फोटो इन्स्टाग्रामवर जातो, प्राचार्य कौतुक करतात, कॉलेजच्या फलकावर नावं झळकतात. मग परीक्षेचे दिवस येतात आणि सवलतीच्या गुणांसाठी पाठवलेल्या यादीत आपलं नाव नाही, हे कळतं. धावपळ सुरू होते ती कॉलेजातल्या एका छोट्या खोलीकडे. एक टेबल, एक कम्प्युटर, एक प्रिंटर, दोन लोखंडी कपाटं आणि त्यात वर्षानुवर्षांच्या बॉक्स फाइल. इथे बसणारी व्यक्ती बहुतेक विद्यार्थ्यांना ‘ऑफिसवाले सर’ किंवा ‘मॅडम’ एवढ्याच ओळखीची असते.

नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून या टेबलावरचं काम थेट गुणपत्रिकेशी जोडलं गेलं आहे. तरीही ते काम काय असतं, किती असतं आणि कुठे अडकतं, याची माहिती फार कमी विद्यार्थ्यांना असते. तीच सोप्या भाषेत समजून घेऊ या.

हे कार्यालय म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक कॉलेजात त्याचं नाव वेगळं असतं. मुंबईतल्या अनेक कॉलेजांत त्याला ‘जिमखाना’ म्हणतात. पुणे परिसरात ‘विद्यार्थी विकास मंडळ’ हे नाव रुळलं आहे, तर जुने माजी विद्यार्थी अजूनही ‘विद्यार्थी कल्याण’ असंच म्हणतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात विद्यापीठ पातळीवर विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. या मंडळाच्या योजना कॉलेजपर्यंत पोहोचतात, त्या याच खोलीतून.

युवा महोत्सव, एकांकिका आणि वक्तृत्व स्पर्धा, स्नेहसंमेलन, कार्यशाळा, कमवा व शिका योजना, राष्ट्रीय सेवा योजना म्हणजेच एनएसएस, शैक्षणिक सहली अशी कामांची यादी लांबलचक असते. मोठ्या कॉलेजांत एनसीसी, क्रीडा आणि एनएसएसच्या खोल्या वेगळ्या असतात. तालुक्याच्या गावातल्या छोट्या कॉलेजात मात्र हे सगळं एकाच टेबलावर येतं. तिथला लिपिक सकाळी प्रवेशाचं काम पाहतो, दुपारी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो आणि उरलेल्या वेळात युवा महोत्सवाची यादी टाइप करतो.

प्रमुख तर प्राध्यापक असतात, मग लिपिक कशाला?

कागदावर या कामाचे प्रमुख प्राध्यापकच असतात. कुणी विद्यार्थी विकास अधिकारी, कुणी एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, कुणी सांस्कृतिक विभागाचे समन्वयक. मात्र त्यांचं मूळ काम शिकवण्याचं आहे. ही जबाबदारी त्यांच्याकडे काही वर्षांसाठी येते आणि पुढे दुसऱ्याकडे जाते. विद्यार्थी तर तीन किंवा चार वर्षांत बाहेरच पडतो.

या सगळ्यात टेबल बदलत नाही ते लिपिकाचं. मागच्या वर्षी परवानगीचं पत्र कोणत्या पोलिस ठाण्याला गेलं होतं, मंडपवाल्याचं बिल कोणत्या कारणासाठी परत आलं होतं, विद्यापीठाला कोणता नमुना चालतो आणि कोणता चालत नाही, हे त्याला माहीत असतं. कॉलेजच्या उपक्रमांची स्मरणशक्तीच या टेबलावर असते, असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच तिथला माणूस बदलला, की पहिले काही महिने सगळेच चाचपडतात.

एका पथनाट्यामागे किती कागद फिरतात?

समजा, तुमच्या कॉलेजचा दहा जणांचा संघ विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला जाणार आहे. तुमच्यासाठी त्याची सुरुवात तालमीपासून होते. कार्यालयात ती होते विद्यापीठाच्या परिपत्रकापासून. पुढचा प्रवास साधारण असा असतो.

परिपत्रकाची आवक नोंदवहीत नोंद होते आणि ते प्राचार्यांच्या सहीसाठी जातं. मग विद्यार्थ्यांसाठी सूचना निघते. नावं आली की प्रत्येकाचा प्रवेश अर्ज भरायचा, त्याला फोटो, ओळखपत्राची प्रत, चालू वर्षाची फी पावती आणि जन्मतारखेच्या पुराव्यासाठी दहावीचं प्रमाणपत्र जोडायचं. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, त्यामुळे जन्मतारखेचा कागद सुटला तर पुढच्या फेरीत अख्खा संघ अडचणीत येऊ शकतो. विद्यार्थी त्याच विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी आहे, हे प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने प्रमाणित करावं लागतं.

त्यानंतर पैशांचं काम. प्रवेश शुल्क भरायचं, प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम मंजूर करून घ्यायची, त्यासाठी टिपणी लिहायची. संघ तीन दिवस वर्गात नसेल, तर त्यांची हजेरी बुडू नये म्हणून प्रत्येक विभागाला यादी द्यायची. परत आल्यावर तिकिटं, जेवणाची बिलं, वेशभूषेच्या भाड्याची पावती गोळा करून आगाऊ रकमेचा हिशेब मिटवायचा. शेवटी अहवाल, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि प्रमाणपत्रांच्या प्रती फाइलला लावायच्या.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक पडतो आणि त्याची स्थळप्रत फाइलमध्ये राहते. ‘आम्ही यादी पाठवली होती’ हे सहा महिन्यांनी सिद्ध करायची वेळ आली, तर फोनवरचं बोलणं किंवा व्हॉट्सअॅपचा मेसेज फारसा कामाला येत नाही. जावक क्रमांक आणि पोच येतात.

हे झालं एका संघाचं. कॉलेजचे सहा-सात संघ असतील, तर हा प्रवास तितक्या वेळा होतो. त्यातच पुरुषोत्तम करंडकासारख्या, १९६३ पासून सुरू असलेल्या बाहेरच्या स्पर्धा येतात. त्यांचे नियम वेगळे, अर्ज वेगळे आणि मुदतीही वेगळ्या असतात.

एका ओळीवर गुण कसे अवलंबून असतात?

अनेक विद्यापीठांत एनएसएस, एनसीसी, क्रीडा किंवा सांस्कृतिक उपक्रमांत सहभागी झालेल्या पात्र विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. मुंबई विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांना १० गुणांपर्यंत लाभ मिळतो. एका विषयात तीन गुणांनी अडकलेल्या मुलासाठी हे १० गुण म्हणजे एक आख्खं वर्ष असतं. पण गुण आपोआप जमा होत नाहीत. पात्र विद्यार्थ्यांची यादी कॉलेजकडून ठरलेल्या मुदतीत परीक्षा विभागाकडे जावी लागते. त्या यादीत नाव आणि क्रमांक बरोबर असतील, तरच निकालात गुण दिसतात.

एनएसएसचं उदाहरण घेऊ. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करणं आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर पूर्ण करणं अपेक्षित असतं. हे तास मोजतं कोण? हजेरीपट. रविवारी सकाळी केलेली नदीघाटाची सफाई, रक्तदान शिबिरातली मदत, दत्तक गावातलं सर्वेक्षण, प्रत्येक कामाची तारीख, तास आणि स्वयंसेवकाची सही त्यात असावी लागते.

शिबिराच्या फाइलमध्ये तर अख्खं गाव सामावलेलं असतं. ग्रामपंचायतीचं पत्र, मुक्कामासाठी शाळा किंवा समाजमंदिर वापरण्याची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, रोजची हजेरी, रोजचा अहवाल, व्याख्यात्यांच्या मानधनाच्या पावत्या, किराणा, भाजी आणि गॅसची बिलं. पाच हजार रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावलं नाही, तर लेखापरीक्षणात ती पावती बाजूला काढली जाऊ शकते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर काय बदललं?

आतापर्यंत या उपक्रमांत हौशी विद्यार्थी असायचे. शंभरातले दहा-वीस जण नाटक, एनएसएस किंवा मैदानावर दिसायचे. राज्यात नवं धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यातल्या पदवीच्या श्रेयांक रचनेत ‘सह-अभ्यासक्रम’ असा स्वतंत्र घटक आहे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, आरोग्य, सांस्कृतिक उपक्रम, ललित आणि प्रयोगजीवी कला यांचा त्यात समावेश होतो. थोडक्यात, जे काम आधी ‘एक्स्ट्रा’ होतं, ते आता गुणपत्रिकेत आलं.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना नवी नाही. एआयसीटीईने चार वर्षांच्या पदवीसाठी १०० ‘अॅक्टिव्हिटी पॉइंट’ मिळवण्याचा कार्यक्रम आखला होता. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी तो आकडा ७५ आहे.

याचा लिपिकाच्या टेबलावर काय परिणाम होतो, ते एका साध्या गणिताने पाहू. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार १ श्रेयांक म्हणजे ३० तासांचं अध्ययन. दोन श्रेयांकांचा उपक्रम म्हणजे ६० तास. एका तुकडीत १२० विद्यार्थी असतील, तर एका सत्रात ७,२०० विद्यार्थी-तासांची नोंद झाली. अशा पाच तुकड्या धरल्या, तर आकडा ३६ हजारांवर जातो. विद्यार्थी वाढले, तास वाढले, कागद वाढले. टेबल मात्र बहुतेक ठिकाणी तेवढंच राहिलं.

शिवाय चुकीची किंमतही वाढली. पूर्वी नोंद राहिली तर एक प्रमाणपत्र हुकायचं. आता नोंद राहिली तर श्रेयांक राहतो, आणि श्रेयांक राहिला तर पदवी पूर्ण होण्याचा प्रश्न उभा राहतो.

कमवा व शिका : इथे उशीर म्हणजे मेसचं बिल थकतं

या कार्यालयातलं सगळ्यात नाजूक काम कदाचित हेच असेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि श्रम करून शिकण्याची पद्धत उच्च शिक्षणातही रुजली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

योजनेत विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात काम करतात आणि तासानुसार मोबदला मिळवतात. अनेकदा विद्यार्थी विकास कार्यालयातली डेटा एंट्री, फाइल लावणं आणि झेरॉक्सचं कामही हेच विद्यार्थी करतात. म्हणजे ज्या टेबलावर त्यांच्या तासांचा हिशेब होतो, त्याच टेबलाला त्यांचा हातभार लागतो.

महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचा तक्ता तयार होतो. तारीख, कामाचं स्वरूप, तास, पर्यवेक्षकाची सही, एकूण रक्कम, बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. यातला एक आकडा चुकला, तर पैसे परत जातात आणि पुन्हा जमा व्हायला वेळ लागतो. पर्यवेक्षक रजेवर असल्याने एक सही राहिली, तर अख्खा तक्ता थांबू शकतो. गावाकडून पैसे येण्याची शक्यता नसलेल्या मुलासाठी हा उशीर म्हणजे खोलीचं भाडं आणि मेसचं बिल असतं. हे ओळखून महिनाअखेरीआधीच सह्या गोळा करत फिरणारा लिपिक त्या मुलांसाठी किती मोठं काम करतो, हे त्या मुलांनाच ठाऊक असतं.

अनुदानाचे पैसे वेळेवर का येत नाहीत?

याचं एक मोठं कारण म्हणजे ‘उपयोगिता प्रमाणपत्र’. ज्या कामासाठी अनुदान मिळालं, त्याच कामावर ते खर्च झालं, असं लेखी सांगणारा हा दाखला असतो. केंद्राच्या निधीसाठी सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये त्याचा ‘१२-अ’ हा नमुना ठरवून दिला आहे. मागच्या हप्त्याचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही.

साखळी अशी असते : कार्यक्रम होतो, बिलं गोळा होतात, व्हाउचर तयार होतात, रोजकीर्दीत नोंद होते, सनदी लेखापाल तपासतात, प्राचार्यांची सही होते आणि मग प्रमाणपत्र विद्यापीठाकडे जातं. एका स्वयंसेवकाने स्टेशनरीचं बिल हरवलं किंवा बिलावर कॉलेजऐवजी स्वतःचं नाव टाकून आणलं, तर ही साखळी तिथेच अडते. ‘पक्कं बिल आणा’ हे वाक्य विद्यार्थ्यांना कटकट वाटतं, पण त्या बिलावर पुढच्या तुकडीचं शिबिर अवलंबून असू शकतं.

सहलीच्या यादीला एवढं महत्त्व का?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला सहलीसाठी गेलेल्या १४ विद्यार्थ्यांचा समुद्रात बुडून मृत्यू झाला. अशा प्रसंगी सर्वांत आधी यादी लागते. किती जण निघाले होते, कोण कोणत्या बसमध्ये होतं, पालकांचा नंबर काय, रक्तगट कोणता, सोबत शिक्षक किती होते. ही माहिती कार्यालयात अचूक आणि लगेच सापडेल अशी नसेल, तर किनाऱ्यावर शोध कुणाचा घ्यायचा आणि घरी फोन कुणाला करायचा, इथपासून गोंधळ होतो.

म्हणूनच सहलीच्या फाइलमध्ये पालकांचं लेखी संमतीपत्र, विद्यार्थ्याचं हमीपत्र, वाहनाची कागदपत्रं, सोबतच्या शिक्षकांचे आदेश आणि अंतिम यादी असते. ‘आयत्या वेळी एक मित्र वाढला’ हे बसच्या दारात चालून जातं. यादीत मात्र तो नसतो, आणि खरा धोका तिथेच असतो.

कार्यक्रमांचंही तसंच आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळमधल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या टेक फेस्टमध्ये संगीत कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली आणि ४ जणांचा जीव गेला. त्यानंतर पोलिस बंदोबस्त मागणाऱ्या एका पत्राचीच चर्चा झाली. ते कुणी कुणाला लिहिलं आणि पुढे पोहोचलं का, असा प्रश्न विचारला गेला. पत्र लिहिणं हे अर्धं काम. ते योग्य ठिकाणी पोहोचलं, त्याची पोच आली आणि उत्तर काय आलं, हे पाहणं उरलेलं अर्धं.

स्नेहसंमेलनाच्या परवानग्यांची यादीही छोटी नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत तो वाजवता येत नाही. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न असतो. कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, पण प्रेक्षकही विद्यार्थी, पालक, कर्मचारी आणि संस्थेशी संबंधित लोकच असतील तर. बाहेरच्यांना तिकीट विकून ‘डीजे नाइट’ ठेवली, की ही सूट गृहीत धरता येत नाही. हा फरक माहीत असलेला लिपिक कॉलेजला मोठ्या कटकटीतून वाचवतो.

‘नॅक’ आलं की याच खोलीत गर्दी का होते?

नॅकच्या मूल्यांकनात ‘विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती’ हा एक निकष आहे आणि विद्यार्थ्यांचा सहभाग व उपक्रम हा त्याचा भाग आहे. स्वयंमूल्यमापन अहवालात पाच वर्षांची माहिती पुराव्यांसह द्यावी लागते. नुसतं ‘आम्ही २० उपक्रम केले’ असं लिहून भागत नाही. प्रत्येक उपक्रमाची सूचना, उपस्थितांची यादी, अहवाल, स्थान आणि वेळ दाखवणारे फोटो, प्रमाणपत्रांच्या प्रती असं सगळं लागतं.

ज्या कार्यालयाने हे काम त्या त्या वेळी केलेलं असतं, तिथे फाइल कपाटातून टेबलावर येते. जिथे ते राहून गेलेलं असतं, तिथे पाच वर्षांपूर्वीचे फोटो माजी विद्यार्थ्यांकडे मागायची वेळ येते. मूल्यांकनाचा दर्जा प्राध्यापकांच्या संशोधनावर ठरतो, तसाच तो या कपाटावरही ठरतो.

हे काम करणाऱ्यांची स्थिती काय?

अनुदानित कॉलेजांत शिपाई, कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक अशी शिक्षकेतर पदांची उतरंड असते. पण विद्यार्थी विकास कार्यालयासाठी वेगळा लिपिक असतोच असं नाही. अनेक ठिकाणी हे काम मूळ कामावर जोडलेलं असतं. विनाअनुदानित तुकड्या आणि कॉलेजांत ते संस्थेच्या पगारावरच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याकडे जातं. दोन-तीन वर्षांत तो दुसरी नोकरी धरतो आणि कामाची माहितीही त्याच्यासोबत जाते.

हे काम दिसत नाही, पण थांबलं की लगेच जाणवतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातल्या अकृषी विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला. सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आणि १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतरचे लाभ या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्या काळात काही विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, प्रश्नपत्रिकाही होत्या. तरीही परीक्षा घेता येत नव्हती.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रम रविवारी असतो, तालीम रात्री संपते, युवा महोत्सवाची यादी विद्यापीठ शुक्रवारी संध्याकाळी मागतं. वर्गाच्या वेळापत्रकात न बसणाऱ्या या कामाचे तास मोजणारा हजेरीपट मात्र बहुतेक ठिकाणी नसतो.

मग हे सगळं सॉफ्टवेअरने होणार नाही का?

बरंचसं होऊ शकतं. पण आधी अडचण कुठे आहे, ते पाहायला हवं. इंजिनिअरिंगला असताना फेस्टच्या नोंदणीसाठी आम्हीही गुगल फॉर्मच वापरायचो. फॉर्म पाच मिनिटांत तयार व्हायचा. खरं काम नंतर असायचं. एकाच मुलाचं नाव तीन स्पर्धांच्या यादीत तीन प्रकारे यायचं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गायब, तिसरीकडे नुसतं टोपणनाव.

आपल्याकडे नाव लिहिण्याची पद्धत कागदानुसार बदलते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, विद्यापीठाच्या अर्जात आईचं नाव वेगळ्या रकान्यात. शिकत असतानाच लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर दोन आडनावांचा घोळ होतो. नावावरून माणूस ओळखायला गेलं की चूक ठरलेलीच.

याचं उत्तर विद्यापीठाकडे आधीपासून आहे. ते म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, आपण ज्याला पीआरएन म्हणतो. डेटाबेसच्या भाषेत ही ‘प्रायमरी की’, म्हणजे एका नोंदीला दुसऱ्या नोंदीपासून नेमकं वेगळं करणारा क्रमांक. प्रत्येक हजेरी, प्रत्येक यादी आणि प्रत्येक प्रमाणपत्र या क्रमांकाला जोडलं, तर निम्मे घोळ तिथेच मिटतात. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. नीट आखलेली एक एक्सेल शीट आणि तिचा नियमित बॅकअपही पुरतो.

जे सॉफ्टवेअरने होणार नाही, तेही सांगायला हवं. रविवारी सकाळी मुलगा घाटावर खरंच आला होता का, हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. सही कुणाची राहिली आहे, हे कळल्यावर त्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. आणि ‘सर, आजच शेवटची तारीख आहे’ म्हणत धापा टाकत आलेल्या मुलाचं करायचं काय, हे तर कोणतंही पोर्टल ठरवत नाही. पोर्टल फक्त बंद होतं.

डिजिटल कामात एक नवी जोखीमही आहे. आधारच्या प्रती, फोन नंबर आणि बँक खात्याचे तपशील व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवले जातात आणि तिथेच पडून राहतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. अशी माहिती गोळा करणाऱ्यावर ती जपण्याचीही जबाबदारी येते, हे कॉलेजांनी आतापासूनच लक्षात घ्यायला हवं.

तुम्ही विद्यार्थी असाल तर काय कराल?

१. प्रत्येक अर्जावर पीआरएन लिहा. पाठ नसेल तर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

२. नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच लिहा. प्रमाणपत्रासाठीही तेच नाव द्या.

३. उपक्रमाच्या दिवशी हजेरीपटावर स्वतः सही करा. नंतर ‘मी होतो’ हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

४. आपल्या तासांची तारखेसह वेगळी नोंद ठेवा. महिन्यातून एकदा ती कार्यालयातल्या नोंदीशी ताडून पाहा.

५. बिल कॉलेजच्या नावाचं, तारीख आणि क्रमांक असलेलं घ्या. त्याचा फोटो काढा आणि मूळ बिल त्याच आठवड्यात जमा करा.

६. सवलतीचे गुण किंवा श्रेयांक लागू असतील, तर परीक्षेचा अर्ज भरतानाच यादीत नाव आहे का ते विचारा. निकालाची वाट पाहू नका.

७. अर्ज दिला की पोच घ्या. कार्यालयातून पत्र विद्यापीठाकडे गेलं असेल, तर त्याचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या.

८. सहलीला जाताना पालकांचा चालू असलेला नंबर द्या आणि अंतिम यादीत आपलं नाव तपासा.

कॉलेजांनाही दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली, कोणत्या कामासाठी कोणते कागद आणि किती दिवस लागतात, याचा तक्ता कार्यालयाच्या दारावर आणि कॉलेजच्या वेबसाइटवर लावता येईल. दुसरी, टेबलावरचा माणूस बदलताना आठवडाभर दोघांना एकत्र बसवता येईल. कपाटाच्या किल्ल्या एका मिनिटात देता येतात. कोणती फाइल कुठे आहे आणि ती तशी का ठेवली आहे, हे सांगायला मात्र वेळ लागतो.

येत्या सत्रात युवा महोत्सवाची नोटीस लागली, की तालमीची वेळ ठरवतानाच कार्यालयात एकदा जाऊन या. कागदांची यादी मागून घ्या आणि शेवटची तारीख विचारा. विद्यापीठाने सांगितलेल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीची तारीख तिथे सांगितली जाईल. ते दोन-तीन दिवस तुमच्या आणि तुमच्या मित्रांच्या अर्जांतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले असतात.